काकांची चिठ्ठी

न्यू जर्सीहून एका आईचं पत्र आलं आहे. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) त्यांची मुलगी कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाला आहे, प्री-मेड. (अमेरिकेत मेडिकल स्कूल कॉलेजनंतर असतं, त्याची ही तयारी.) येत्या उन्हाळ्यात मेडिकल स्कूलचे अर्ज भरायचे आहेत. विज्ञानाच्या दोन प्राध्यापकांनी आणि इतिहासाच्या एका बाईंनी पत्र द्यायचं कबूल केलंय. गाडी अडलीय ती डॉक्टरांच्या पत्रापाशी. समोर तीन नावं आहेत. पहिलं, महाराष्ट्र मंडळातले एक काका. मोठे हृदयरोगतज्ज्ञ, मुलीला पाळण्यात असल्यापासून ओळखतात. त्यांनी गणपतीतच सांगून ठेवलंय, "पत्राची काळजी करू नका. मजकूर लिहून पाठवा, मी सही करतो." दुसरं, आईंच्या नणंदबाई. त्यांचं सांगलीला नर्सिंग होम आहे आणि मुलगी दोन सुट्ट्यांत तिथे जाऊन राहिली होती. तिसरे, इथल्या एका इमर्जन्सी रूममधले (ईआरमधले) डॉक्टर. मुलगी चौदा महिने त्यांच्या हाताखाली स्क्राइब म्हणून, म्हणजे पेशंटच्या तपासणीच्या नोंदी लिहून घेण्याचं, काम करते आहे. "पण ते गृहस्थ हसतसुद्धा नाहीत, हिचं नाव अजून धड घेता येत नाही त्यांना. चार ओळी खरडतील," असं आई लिहितात. मुलीला काकांचं पत्र नको आहे. आईंना वाटतं, दारात आलेली मदत नाकारणं म्हणजे कपाळकरंटेपणा. शेवटी त्यांनी विचारलंय, "इतक्या मोठ्या माणसाची शिफारस असताना ती सोडून द्यायची का?"

तुमचं पत्र वाचताना मी 'शिफारस' या शब्दापाशीच थांबले. सगळा घोळ तिथे आहे असं मला वाटतं.

शिफारस म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे काय येतं? साहेबांच्या कार्डामागे लिहिलेल्या दोन ओळी, आमदारांची चिठ्ठी, "आपलाच मुलगा आहे, बघा जरा." चिठ्ठीचं वजन सहीत असतं. आत काय लिहिलंय ते कुणी वाचतही नाही. आणि आपण शिकलो त्या व्यवस्थेत मेडिकलच्या प्रवेशाला तर चिठ्ठीचीही गरज नव्हती. आजही नीटमध्ये ७२०पैकी किती, एवढ्यावर गुणवत्ता यादी लागते. मुलगी कशी आहे हे कुणी कुणाला विचारत नाही. त्यामुळे इथे पत्र मागतात म्हटल्यावर आपलं मन थेट चिठ्ठीकडे धावतं. त्यात तुमचा काही दोष नाही. मीही या देशात आले तेव्हा असंच समजत होते.

इथे डॉक्टर होण्याची पहिली पदवीच एमडी किंवा डीओ असते. त्यांतल्या एमडी स्कूल्सचे बहुतेक अर्ज एएमकॅस नावाच्या एकाच व्यवस्थेतून जातात. ती व्यवस्था या पत्राला 'लेटर ऑफ इव्हॅल्युएशन' म्हणते, म्हणजे मूल्यमापनाचं पत्र. मी त्याला साक्ष म्हणते. साक्ष द्यायची तर माणसाने घटना पाहिलेली असावी लागते. साक्षीदार किती मोठा आहे यापेक्षा तो त्या वेळी तिथे होता का, हे आधी बघतात.

दुसरी गोष्ट. डॉक्टरांचं पत्र लागतंच, हे तुम्हाला कुणी सांगितलं? बहुतेक एमडी स्कूल्स ते मागत नाहीत. त्यांना हवी असतात ती प्राध्यापकांची पत्रं. दोन विज्ञानाचे, एक विज्ञानाबाहेरचा, ही साधारण रीत, आणि तुमच्या मुलीची ती बाजू भरलेली आहे. तिच्या कॉलेजात प्री-मेड कमिटी असेल तर सगळं कमिटीच्या पत्रातून जातं. तशी सोय असूनही ती वापरली नाही तर काही स्कूल्स कारण विचारतात, आणि कमिटीच्या तारखा अर्जाच्या कितीतरी आधी येऊन जातात. मुलीने ते या आठवड्यातच कॉलेजच्या सल्लागाराकडून पक्कं करावं.

डॉक्टरांचं पत्र खरोखर लागतं ते मुख्यतः ऑस्टिओपॅथिक, म्हणजे डीओ स्कूल्सना. त्यांतली बरीचशी डॉक्टरचं पत्र मागतात, आणि तो डॉक्टर डीओ असेल तर अधिक बरं असं म्हणतात. (डीओ म्हटल्यावर नाक मुरडणारे आईबाप मला अधूनमधून भेटतात. डीओ डॉक्टरांना इथे पन्नासही राज्यांत पूर्ण परवाना मिळतो, आणि २०२०पासून एमडी-डीओंच्या रेसिडेन्सीची, म्हणजे पदवीनंतरच्या प्रशिक्षणाची, मान्यताव्यवस्थाही एकच झाली आहे. विषय संपला.) टेक्सासची अर्जव्यवस्था वेगळी, तिथे तीन पत्रं आणि हवं तर चौथं. बाकी प्रत्येक स्कूलचं आपापलं पान असतं, ते वाचल्याशिवाय कुणाचं ऐकू नये, अगदी माझंही नाही.

म्हणजे डॉक्टरांचं पत्र आणायचंच नाही का? आणायचं, पण त्यात प्राध्यापकांना माहीत नसलेलं काही असेल तर. वर्गातली मुलगी प्राध्यापकांनी पाहिली. रात्री दोन वाजता रडणाऱ्या नातेवाइकासमोर उभी असलेली मुलगी कुणी पाहिली, ते शोधायचं.

मी निवृत्त होण्याआधी एका कॉलेजात जीवशास्त्र शिकवत होते आणि काही वर्षं तिथल्या प्री-मेड कमिटीवर होते. मुलांसाठी आलेली पत्रं आम्ही वाचायचो आणि त्यावरून कमिटीचं पत्र तयार व्हायचं. एका मुलासाठी दोन डॉक्टरांची पत्रं आली होती. पहिलं एका मोठ्या रुग्णालयातल्या विभागप्रमुखांचं. जाड कागद, वर उठावदार मुद्रा. मजकूर अर्धं पान: मेहनती, वेळेवर येणारा, चांगल्या घरचा, याला निःसंकोच प्रवेश द्यावा. मुलगा त्यांच्याबरोबर तीन दिवस फिरला होता. माझ्या शेजारच्या बाईंनी ते वाचलं आणि काही न बोलता पान उलटलं. तेच पत्र नाव बदलून कुठल्याही मुलाला लावता आलं असतं.

दुसरं पत्र एका अर्जंट केअरमधल्या डॉक्टरीणबाईंचं होतं. टंकलेखनाच्या दोन चुका होत्या. त्यांनी लिहिलं होतं की पहिला महिना या मुलाच्या नोंदी मला रोज दुरुस्त कराव्या लागत होत्या. पेशंट काय बोलला ते न लिहिता मला काय ऐकायला आवडेल ते तो लिहायचा, आणि मी त्याला ते तोंडावर सांगितलं. पुढे एका दुपारी छातीत दुखतं म्हणून एक गृहस्थ आले. मुलाने नोंदीत त्यांचं वाक्य जसंच्या तसं ठेवलं होतं: 'मुलाशी भांडण झालं की छातीवर कुणी बसल्यासारखं वाटतं.' बाई पुढे लिहितात, ते वाक्य बोललं गेलं तेव्हा मी सिंकवर हात धूत होते, मला ते ऐकूच आलं नव्हतं. नोंद वाचून मी परत आत गेले आणि पुन्हा पहिल्यापासून विचारायला बसले.

कमिटीतल्या कुणाला त्या बाईंचं नाव ठाऊक नव्हतं. पण आमच्या पत्रात उतरलं ते त्यांचंच वाक्य. आणि बघा, त्यात कौतुकाआधी तक्रार आहे! आपल्या मुलांच्या पत्रात एकही उणा शब्द नको असं आपल्याला वाटतं. पण कुठून सुरू झालं ते कळल्याशिवाय किती पुढे आलं ते कसं कळणार?

आता तुमच्या न हसणाऱ्या डॉक्टरांकडे येऊ. मुलीला एक विचारा: तिने लिहिलेल्या नोंदी ते पूर्वी किती बदलत होते आणि आता किती बदलतात? ईआरमधला डॉक्टर स्क्राइबची नोंद वाचून एक अक्षर न बदलता सही करत असेल, तर ती त्याच्या परीने शाबासकी आहे. चौदा महिने, आठवड्याला दोन शिफ्ट धरल्या तरी शंभराहून जास्त शिफ्ट झाल्या. तिचं नाव चुकीचं उच्चारत असतील, पण ती थकल्यावर कशी वागते हे त्या माणसाला तुमच्याइतकंच माहीत असेल.

चार ओळी खरडतील ही तुमची भीती मात्र रास्त आहे. त्यावर उपाय मागण्याच्या पद्धतीत आहे. "मला पत्र द्याल का?" असं विचारू नये. भिडस्त माणूस हो म्हणतो आणि मग चार ओळी खरडतो. शिफ्ट संपताना, गर्दी नसेल तेव्हा, समोर उभं राहून विचारावं, "डॉक्टर, गेले चौदा महिने तुम्ही माझं काम पाहिलंय. त्यावरून मेडिकल स्कूलसाठी माझ्याबद्दल ठामपणे लिहिता येईल असं तुम्हाला वाटतं का?" या प्रश्नात समोरच्याला नाही म्हणायला वाट ठेवलेली आहे. ते घुटमळले, "बघू, वेळ मिळाला तर" म्हणाले, तर ते नाहीच समजायचं. आभार मानून विषय बंद. कोमट पत्र आलं तर बरं म्हणणारेही भेटतात; मी त्यांच्यातली नाही. कोमट पत्रापेक्षा डॉक्टरचं पत्र नसलेलं परवडलं.

ते हो म्हणाले, तर त्याच दिवशी मुलीने त्यांना एक ईमेल पाठवावा. त्यात तिचा बायोडाटा, निबंधाचा कच्चा खर्डा असेल तर तो, आणि एक पान आठवणींचं. हे पान महत्त्वाचं. त्यात 'मी कष्टाळू आहे' असलं काही नको. चार-पाच प्रसंग, प्रत्येकी दोन-तीन वाक्यांत: कोणत्या महिन्यात, काय झालं, डॉक्टर तेव्हा काय म्हणाले, तिने पुढे काय बदललं. दुभाषा येईपर्यंत स्पॅनिश बोलणाऱ्या आजीजवळ ती बसून राहिली असेल, एखादी चूक करून ती स्वतःहून सांगितली असेल, ते लिहावं. पेशंटचं नाव, तारीख, ओळख पटेल असं काहीही त्यात येता कामा नये. पेशंटची माहिती गुप्त ठेवायला लावणारा हिपा कायदा १९९६पासून आहे आणि स्क्राइबला तो पहिल्या दिवशी शिकवतात. तरी पत्राच्या भरात मुलं विसरतात. हे पान म्हणजे मसुदा नव्हे. डॉक्टरांच्या स्मरणाला दिलेला हात आहे, पत्र त्यांचं त्यांनीच लिहायचं.

कारकुनी भाग थोडक्यात. एएमकॅसचा अर्ज मेच्या सुरुवातीला उघडतो आणि मेअखेरीस किंवा जूनच्या आरंभी सादर करता येतो. अर्जात पत्राची नोंद केली की एक विनंतीपत्रक तयार होतं, त्यावर मुलीचा एएएमसी (एएमकॅस चालवणारी, मेडिकल कॉलेजांची संघटना) क्रमांक आणि त्या पत्राचा क्रमांक असतो. ते डॉक्टरांना पाठवायचं, पत्र ते स्वतः परस्पर चढवतात. अर्ज उघडायच्या आधीच पत्र लिहून होणार असेल तर इंटरफोलिओसारख्या सेवेत ठेवता येतं. पत्र लेटरहेडवर हवं, तारीख आणि सही हवी. बिनसहीचं पत्र आलं की पुढचे पंधरा दिवस निरोपानिरोपीत जातात. पत्रं आली नाहीत म्हणून अर्ज सादर करायचं थांबवू नये, पडताळणी पत्रांसाठी अडत नाही. पण पत्रं पोचेपर्यंत बहुतेक स्कूल्स फाइल पूर्ण धरत नाहीत, आणि जागा जसजशा मुलाखती होतात तसतशा भरत जातात. म्हणून विचारायचं फेब्रुवारी-मार्चमध्ये, तारीख द्यायची मेच्या मध्याची, आणि दोन आठवडे आधी एक, फक्त एक, नम्र आठवण करायची.

पत्र वाचण्याचा हक्क सोडता का, असं मुलीला कॉलेजकडून किंवा पत्रं ठेवणाऱ्या सेवेकडून विचारलं जाईल. १९७४च्या फर्पा कायद्याने विद्यार्थ्याला तो हक्क दिलाय. तो सोडावा. विद्यार्थी वाचू शकतो असं पत्र कुणी फारसं खरं मानत नाही. आणि हक्क सोडला म्हणजे सोडला. "डॉक्टर, मला एक कॉपी पाठवाल?" असं नंतर विचारायचं नाही, तुम्हीही तिच्याकरवी विचारायला लावायचं नाही.

एएमकॅसमध्ये दहा पत्रांची जागा असते. दहा भरायची नसतात. लग्नाच्या पंगतीत पानात सगळे पदार्थ आले पाहिजेत तसं इथे नाही.

सांगलीबद्दल जरा स्पष्ट लिहिते, राग मानू नका. तुम्ही मोठ्या अभिमानाने लिहिलंय, "तिथे तर तिने दोन-तीनदा टाकेसुद्धा घातले, इंजेक्शनं दिली. इथे कोण हात लावू देतं?" हेच तुमच्या नणंदबाईंच्या पत्रात गेलं तर त्याने अर्जाला खड्डा पडेल. प्रशिक्षण आणि परवाना नसताना परदेशात जाऊन पेशंटच्या अंगाला हात लावणं, हे इथल्या निवड समित्या गुण मानत नाहीत, पेशंटशी केलेली गैरवर्तणूक मानतात. एएएमसीने परदेशातल्या अशा अनुभवांबद्दल विद्यार्थ्यांसाठी मार्गदर्शक सूचनाच काढल्या आहेत. त्यांचा सूर हाच, की जे इथे करायला तुम्ही पात्र नाही ते तिथे जाऊनही करू नका. टाके पडले त्या माणसाला ती शिकाऊही नाही हे सांगितलं होतं का, असं मुलाखतीत कुणी विचारलं तर मुलगी काय उत्तर देणार? हा प्रश्न मी तुमच्या मुलीलाही विचारेन, आणि मला वाटतं तिला तो आधीच पडलेला असेल.

शिवाय आत्याचं पत्र हे आत्याचंच पत्र. नात्यातल्या माणसाची साक्ष धरत नाहीत. सांगलीचा अनुभव अर्जात येऊ द्या, पण पाहण्याचा म्हणून: ओपीडीबाहेरच्या बाकावर सकाळी सातपासून बसलेली माणसं, सोनोग्राफी करायची की या महिन्याचं औषध घ्यायचं असा घरच्यांचा हिशेब, आत्या तो ऐकून गोळ्यांची यादी कशी छोटी करते ते. हे तिने पाहिलं असेल, तर ते तिचं तिनेच लिहावं.

ज्यांच्या ओळखीत एकही डॉक्टर नाही अशा मुलांचीही पत्रं या सदराकडे येतात. कुणाचे वडील गॅस स्टेशनवर आहेत, कुणाची आई डे-केअरमध्ये. त्यांना वाटतं, मंडळातले काका नसले की आपलं संपलं. तुमचं काहीही बिघडलेलं नाही. हॉस्पिसमध्ये (शेवटच्या दिवसांतल्या रुग्णांची सेवा होते तिथे) वर्षभर दर शनिवारी जा, ईएमटीचं (रुग्णवाहिकेवरच्या तातडीच्या मदतीचं) प्रमाणपत्र घ्या, नाहीतर मोफत दवाखान्यात पेशंटची नोंदणी करा. तिथे तुम्हाला महिनोन्महिने पाहणारं कुणीतरी असतंच. ते डॉक्टर नसेल, परिचारिका असेल, स्वयंसेवकांची प्रमुख असेल. डीओ स्कूलला डॉक्टरच लागेल, तो वेगळा शोधा. इतर ठिकाणी वर्षभर पाहिलेल्या परिचारिकेचं पत्र मी तीन दिवस पाहिलेल्या विभागप्रमुखाच्या पत्राआधी वाचेन. आणि वर्ष कमी पडत असेल तर एक वर्ष थांबा. इथे मेडिकलला जाणाऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त मुलं कॉलेज संपल्यावर एखादं तरी वर्ष थांबून जातात. आपल्याकडे 'गॅप पडली' म्हणतात तसं त्यात काही नाही. एमडी स्कूल्सना वर्षाला पन्नास हजारांहून जास्त अर्जदार आणि साधारण २३ हजार जागा, अशा रांगेत अर्धवट तयारीने उभं राहून दुसऱ्या वर्षी पुन्हा अर्ज करणं जास्त महागात जातं.

राहता राहिले काका.

"मजकूर लिहून पाठवा, मी सही करतो" हे ते प्रेमाने म्हणाले, यात मला शंका नाही. कामात बुडालेले पुष्कळ डॉक्टर असंच म्हणतात. उद्या ईआरवालेही म्हणतील. मुलीला ते खटकलं, हे मला फार आवडलं. स्वतःची साक्ष स्वतः लिहून दुसऱ्याची सही घ्यायची, हा खोटेपणा आहे, कितीही जणांनी केलेला असो. आणि तो कळतो. निबंध आणि पत्र शेजारी ठेवून वाचणाऱ्याला दोन्हीकडे तोच आवाज ऐकू येतो, तीच विशेषणं, स्वल्पविरामाची तीच सवय. ईआरच्या डॉक्टरांनी असं सुचवलं तर मुलीने म्हणावं, "मसुदा नको, मी तुम्हाला प्रसंगांचं एक पान देते. तुमच्या शब्दांत पाच-सात वाक्यं लिहिलीत तरी पुरे."

काकांना नाही कसं म्हणायचं, हा तुमच्या पत्रातला खरा प्रश्न होता हे मला कळलंय. पुढच्या गणपतीत त्यांच्याच शेजारी आरतीला उभं राहायचंय.

प्राध्यापकांना, डॉक्टरांना, कॉलेजच्या सल्लागारांना जाणारा प्रत्येक ईमेल मुलीने लिहायचा, मुलीच्याच पत्त्यावरून. तुम्ही त्यात कुठेही असू नये, सीसीमध्येसुद्धा नाही. माझ्याकडे एका आईचा फोन आला होता, "मॅडम, पत्राचं झालं का?" मुलगी चांगली होती. पण त्यानंतर तिच्या स्वावलंबनावर दोन ओळी लिहिताना माझा हात अडखळला, ते मी आजही विसरले नाही.

काकांना फोन मात्र तुम्ही करा. ते नातं तुमचं आहे, मुलीच्या गळ्यात घालू नका. ईमेल नको, व्हॉट्सॲप तर नकोच. रविवारी दुपारी, त्यांचा चहा झाला असेल तेव्हा. म्हणा, "काका, तुम्ही तिला पाळण्यात असल्यापासून ओळखता, म्हणूनच तुमचं पत्र चालत नाही म्हणतात. घरच्या माणसाचं धरत नाहीत." हे खरंच आहे आणि त्यांना घरचं म्हटल्याचं सुखही आहे. पुढे लगेच मागा, कारण मदत करायला निघालेल्या माणसाला रिकाम्या हाताने परत पाठवू नये: "ऑगस्टमध्ये तिची एकदा खोटी मुलाखत घ्याल का? तुमच्याकडे येऊन बसेल. अगदी कडक घ्या. तिने सांगलीत टाके घातले होते, त्यावरून सुरुवात करा."